तुय होआला काय आहे?

कर्वे रोडवरच्या टूरवाल्या मुलाने विचारलं,
"काकू, पण तुय होआला काय आहे?"
त्याच्या पत्रकात हा लाँगचे डोंगर होते, कंदिलांचं गाव होतं,
शाकाहारी जेवणाची हमी होती.
माझं गाव पत्रकाच्या घडीत
चुरगळून गेलं होतं.
मी म्हटलं, माझं थोडं काम राहिलंय तिथे.

शिवाजीनगरच्या वेधशाळेत एकतीस वर्षं
मी वारा मांडला.
पहाटे साडेपाचचे आकडे खडखडत यायचे,
मुल्ला कागद फाडून आणायचा,
आणि दोन टाकांची लेखणी, एक तांबडा, एक काळा:
प्रत्येक ठाण्यावर तांदळाएवढा गोल,
गोलाला शेपटी, शेपटीला पिसं.
पूर्वेकडची ठाणी कोणालाच नको असायची.
"तिकडचं वादळ इथे कधी यायचं, ओगलेबाई?"
येतं कधी कधी.
डोंगर ओलांडताना अंग टाकतं,
बंगालच्या उपसागरात उतरून पुन्हा उभं राहतं.
म्हणून अठ्ठेचाळीस आठशे त्र्याहत्तर माझ्याकडे.
समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता,
हर्णैचा, तोही ओहोटीचा.

एका नोव्हेंबरात ते ठाणं गप्प झालं.
आदल्या वेळी शेपटीला त्रिकोणी निशाण लावलं होतं,
पन्नास नॉटचं.
मग काही नाही.
चार दिवस मी गोल काढला
आणि रिकामा सोडला.
पाचव्या दिवशी आकडे आले.
वारा शून्य,
म्हणजे गोलाभोवती आणखी एक गोल. बस्स.
साहेब म्हणाले, पुढचं घ्या.

म्हणून गेले.
आगगाडी समुद्राच्या इतक्या कडेने
की मी पाय वर घेऊन बसले.
बिचच्या घरी खोली मिळाली.
भाषा म्हणजे तिची बोटं, माझी बोटं,
आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी.
मासळीच्या रांजणांचा वास
तिसऱ्या दिवशी कळेनासा झाला.

अंगणात टोपल्या उपड्या पडलेल्या,
माणूस आत झोपेल एवढ्या, बांबूच्या, गोल.
होड्या आहेत त्या.
बिच शेण कालवत होती.
मीही ओढणी खोचली.
जन्म कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर गेला,
आणि मी समुद्रात जाणारी वस्तू
सारवत बसले.

तिथे संध्याकाळचे सात,
पुण्यात साडेपाच,
कागदावर बारा.
गल्लीच्या टोकाला तारेचं कुंपण, झडपांची पांढरी पेटी.
एक मुलगी चपला फटफटवत आली,
पेटी उघडली, आकडा लिहिला, जांभई दिली.
मी कुंपणाबाहेरून
तिचं अक्षर बघायचा प्रयत्न केला.

रात्री वाळूत गोल काढला,
शेपटी, त्रिकोणी निशाण,
आणि खाली वर्ष.
बिचने वर्ष वाचलं.
उठली, दाराच्या चौकटीला हात लावला,
तिच्या डोक्याहून वर. पाणी इथवर.
मग टोपलीवर थाप मारली,
दोन बोटं दाखवली, कमरेएवढी उंची दाखवली,
दोरी बांधल्यासारखं केलं, नारळाकडे बघून.
गाल हातावर टेकवला. रात्र.
मान हलवली. झोप नाही.
मग दोनातलं एक बोट मिटलं.
मी विचारलं नाही.
तिने ते पुन्हा उघडलं नाही.

परत आल्यावर टूरवाला म्हणाला, फोटो पाठवा ना काकू.
फोटो सगळे शेणाच्या हातांनी काढलेले.

काल बुरूड आळीत गेले.
"हारा हवाय. सहा फुटी."
"रुखवताला?"
"नाही."
"मग आत काय ठेवणार?"
मला उत्तर येईना.
बाईंनी कोयता बाजूला ठेवला,
लांब कांब उचलली,
म्हणाल्या, अशाच उभ्या राहा,
आणि माझ्याभोवती फरशीवर
ती वाकवून टेकवली.
दुपारचे साडेअकरा.
दुकानातलं एकही छिलकं हलत नव्हतं.